ओढ्यापलीकडची शाळा आणि चार दारांची गाडी

झर्रर्र!

ऐकलंत? दप्तराची चेन! सगळं घर गप्प बसलंय, आणि त्या गप्प घरात एवढीशी पालवी आपलं सामान भरतेय. फ्रॉक, कंगवा, आणि — मंडळी, ऐका — आईचा जुना रुमाल! कशाला? तर मामाकडं झोप आली नाही की वास घ्यायला!

म्हणून आज तुम्हाला एकच विचारते. मजबूत कशाला म्हणायचं? अंगानं दांडगं, ते मजबूत? थांबा, घाई नको. ओ मृदंगवाले, तुम्हीही जरा दमानं!

डोंगरावरची वस्ती. शाळा खाली बाजारात, मध्ये ओढा. पावसाळ्यात वाटेचा नुसता चिखल आणि गोटे, शिटा भरून नेणारी वडापची जीप वर यायचं नाव घेत नाही. घरात ठरलं, पोरीला कराडला मामाकडं ठेवायचं. झालं! पालवीची आई, केतकी, भरल्या ताटावरनं उठली. ती स्वतः अशीच मामाच्या घरी वाढलेली. म्हणाली, "लेक घरातनं जाणार न्हाई. ओढा उतरंल अशी गाडी बघा!"

नवरा सुहास, हौशी गडी! ओळखीच्याची विकायची गाडी बघायला म्हणून घेऊन आला. उंच, चार दारांची, पाठीवर स्टेपनी. आणि गेला कुठं? नदीच्या पात्रात! दगडावर चढवली, व्हिडिओ काढले. गाडीत ओझं काय? चार मित्र आणि भेळ!

सासरे तात्या ओट्यावरनं बघत होते. म्हणाले, "सुहास, बैल घ्यायची आपली रीत इसरलास व्हय? बाजारात नाचतो कसा, ते बघायचं न्हाई. ज्यानं राबवायचा त्यानंच कासरा धरायचा. आपल्या वाटंनं, आपलंच ओझं घालून चालवायचा. मग सौद्याची सुपारी!"

केतकीनं पदर खोचला. "तात्या, कासरा माझ्याकडं द्या."

निघाली! केतकी स्टेअरिंगवर, शेजारी सुहास. मागं दुधाची किटली, पालवी, आणि गुडघ्यांनी बेजार सासूबाई जिजी. जिजींचा पाय काही पायरीला पोचेना. "अगं, ही गाडी हाय का माळा?" शेवटी सगळ्यांनी मिळून वर चढवल्या. मागची सीट कशी? पहिल्या दिवशी पंगतीला बसलेल्या जावयासारखी ताठ! हसताय काय? तुमच्यातले बसलेत की इथं!

खड्ड्याखड्ड्याला गाडी हादरली. दूध सांडलं, पालवीला उलटी झाली. बाजाराच्या बोळात वळता वळेना, मागंपुढं, मागंपुढं! रिकामी माणसं जमलीच. "वहिनी, जमंल का?"

"तुम्ही बाजूला झालात तर जमंल!"

जमलं! शाळेच्या दारात गाडी उभी राहिली. पण परतताना सुहासचंच तोंड उतरलं. "केतकी, ऱ्हाऊ दे. ही हौसंची गाडी. रोजची न्हवं."

जाताना उताराला होता तोच ओढा, आता चढाला!  केतकीनं खालचा गिअर टाकला. एक चाक गोट्यावर, एक चिखलात. गाडी कलली — जिजींनी डोळे मिटून रामनाम धरलं — सावरली, आणि म्हातारं माणूस काठी टेकत जातं ना, तशी हळूहळू पलीकडं चढली! जिजींनी डोळे उघडले ते घराच्या दारात.

तात्या म्हणाले, "बोल. कासरा तुझ्या हातात हुता."

"हादरते, तात्या. वळायला आडमुठी हाय. डिझेल पिते. जिजींना चढायला लाकडी पाट करून घेईन. पोरीला भरल्या पोटी न्यायची न्हाई. आणि ओढ्याचं पाणी काठाच्या खुणेच्या दगडावर चढलं, तर त्या दिवशी शाळा बुडवीन, जीव धोक्यात न्हाई घालणार. पण बाकीचं सगळं दिस लेक माझ्या कुशीत झोपंल. घ्यायची!"

"जिजे," तात्या म्हणाले, "सुपारी आण."

मंडळी, आपला गणपतीबाप्पा केवढा! वाहन केवढं? उंदीर! कुणी विचारलं का, हा पात्रातल्या दगडावर चढतो का म्हणून? बाप्पाला नेतो, रोज नेतो, झालं! मजबूत ते, जे घरातल्या सगळ्यात नाजूक जिवाला सांभाळून पोचवतं आणि सांभाळून परत आणतं. मग ते लोखंडाचं असो, नाहीतर हाडामांसाचं. आता तुमच्याकडं बघा. एवढे भक्कम खांदे, एवढी घरं, दारात गाड्या. तुमच्या भरवशावर कुणी दप्तरातनं रुमाल बाहेर काढलाय का?

पालवीनं काढला! झर्रर्र! चेन उघडली, रुमाल आईच्या हातात दिला. मांडीवर बसली, आणि म्हणाली,

"आई, तू मामाकडं होतीस, तेव्हा मध्ये ओढा होता?"

"नव्हता गं. चांगली डांबरी सडक होती."

"मग तुला न्यायला कुणीच का नाही आलं?"