बर्नार्डची जागा

टॅमसिन : नाही, खरंच नको. मी जातेच घरी. तुम्ही कशाला पावसात थांबता माझ्यासाठी?

ऑलिव्ह : पाऊस कुठाय? याला आम्ही हडर्सफील्डमध्ये कोरडं म्हणतो. आणि मी बससाठी थांबलेय, तुझ्यासाठी नाही. काच आणखी थोडी खाली कर, मला जरा कमी ऐकू येतं. हं, आता सांग. दुकानापुढच्या त्या बाबागाडीचं चित्र काढलेल्या, तान्ह्या बाळांसाठी राखीव रुंद जागा भरल्यात, एवढंच ना?

टॅमसिन : सगळ्या. आणि दुसरीकडे कुठे लावली तर शेजारच्या गाड्यांमुळे दार वीतभरसुद्धा उघडत नाही. मेबलची सीट बाहेरच निघत नाही. पार शेवटच्या रांगेत जागा आहे, पण तिथून तिला सीटसकट उचलून आणायचं म्हणजे... पोटावर टाके आहेत ना माझ्या. आठ आठवडे झाले, पण अजून ओढतात.

ऑलिव्ह : ही मेबल होय? झोपलीय कशी बघ, जसं काही सगळं दुकान हिच्याच नावावर आहे. नवरा कुठाय तुझा?

टॅमसिन : समुद्रात. तेलाच्या विहिरीवर असतो. नणंद म्हणाली, दूध मी आणून देते. मीच नको म्हटलं. सगळे एकच विचारतात हो, "जमेल का तुला?" बाळ झाल्यापासून मी एकटी कुठ्ठे गेले नाहीये. म्हटलं, आज जायचं. दुधाचा एक डबा घ्यायचा आणि परत यायचं. एवढीशी गोष्ट. पण आज अशीच परत गेले ना, तर पुन्हा निघणार नाही. मी ओळखते मला.

ऑलिव्ह : मग परत जायचं नाही. ते बघ, जुळ्यांची आई सामान भरतेय. ती निघाली की तू लाव. दिवा लाव बाजूचा. हं, निघाली. घे, घे पुढे... अरे!

टॅमसिन : घुसला.

ऑलिव्ह : घुसला खरा.

टॅमसिन : मी दिवा लावून उभी होते. त्याला दिसलं नसेल?

ऑलिव्ह : एवढी लाल गाडी चालवणाऱ्याला सगळं दिसतं, राजा. तू इथंच थांब. इंजिन बंद कर, पेट्रोल काय फुकट येतं?

टॅमसिन : भांडू नका हं, प्लीज. मला नाही सोसत भांडण.

ऑलिव्ह : मी? मी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. नवऱ्याशीसुद्धा नाही. त्याची तीच तर तक्रार होती... ओ! ओ, लाल गाडी! अभिनंदन हो!

जूलियन : अं? कशाबद्दल?

ऑलिव्ह : बाळाबद्दल! थांब, मी दार धरते, तू त्याला अलगद बाहेर काढ. वारा मेला असा आहे की दार हातातून सुटतं. माझ्या भाच्याच्या गाडीचं तसंच सुटलं, शेजारच्या गाडीला हा एवढा ओरखडा.

जूलियन : नको, नको, दाराला हात नका लावू. बाळ... आत्ता गाडीत नाहीये.

ऑलिव्ह : अगं बाई! राहिलं की काय कुठे?

जूलियन : नाही! आत आहे. दुकानात. बायकोबरोबर.

ऑलिव्ह : हुश्श. नाव काय ठेवलं?

जूलियन : बाई, मी जरा घाईत आहे. फक्त दोन लिंबं घ्यायचीत मला.

ऑलिव्ह : नाव सांगायला लिंबाइतकाही वेळ लागत नाही.

जूलियन : बर्नार्ड.

ऑलिव्ह : बर्नार्ड! वा! हल्ली एवढं भारदस्त नाव कोण ठेवतं? किती महिन्यांचा?

जूलियन : तीन.

ऑलिव्ह : तीन महिन्यांचा बर्नार्ड. बाळसं धरलं असेल आता. आणि गाडी तरी काय देखणी! दोनच सीटा ना हिला?

जूलियन : दोनच. ही गाडीच तशी असते.

ऑलिव्ह : एकीवर तू. एकीवर बायको. आणि बर्नार्ड?

जूलियन : ते दोघं... बसने आले.

ऑलिव्ह : बसने.

जूलियन : हो.

ऑलिव्ह : तीन महिन्यांचं पोर कडेवर घेऊन बायको बसने, आणि तू गाडीने.

जूलियन : गाडी नवी आहे.

ऑलिव्ह : खरंय बाबा. नव्या गाडीला घरी एकटं टाकून निघवत नाही. पण कमाल आहे हं. मी मघापासून त्या स्टॉपवर उभी आहे. आलेल्या बसमधून दोन म्हातारे उतरले आणि एक कुत्रा. पण जाऊ दे, माझी नजर काही आता पूर्वीसारखी राहिली नाही. मला कुत्रा वाटला, तीच तुझी बायको असेल.

जूलियन : त्याच्या आधीच्या बसने आले ते. बरं, येऊ मी?

ऑलिव्ह : जा की. निवांत जा. मी गाडीपाशी थांबते.

जूलियन : कशाला?

ऑलिव्ह : तुझी बायको आली तर? तू आत लिंबं निवडत बसणार, ती बिचारी बाहेर पोर घेऊन भिजत. मी छत्री धरीन तिच्यावर. की असं करू? आत काउंटरवरच्या मुलीला सांगते. फार गुणी मुलगी आहे, माइकवरून पुकारते. "बर्नार्डच्या आईंनी कृपया दाराशी यावं, बर्नार्डचे बाबा वाट बघताहेत."

जूलियन : नको! माइक नको. ती... बुजरी आहे जरा.

ऑलिव्ह : असतात बाळंतिणी तशा. ती बघ ना, करड्या गाडीतली. तिचंही तेच.

जूलियन : ती का बघतेय माझ्याकडे मघापासून?

ऑलिव्ह : तुझ्याकडे नाही, जागेकडे. टॅमसिन नाव तिचं. आठ आठवड्यांची मुलगी आहे मागच्या सीटवर. पोटाला टाके, नवरा समुद्रात. बाळ झाल्यापासून आज पहिल्यांदा एकटी बाहेर पडलीय, दुधाचा डबा घ्यायला. म्हणते, आज परत गेले तर पुन्हा घराबाहेर पडायची नाही. मी म्हटलं, होतं असं, घरी जा.

जूलियन : घरी जा म्हणालात?

ऑलिव्ह : मग काय करू? बर्नार्ड आधी आला. ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे.

जूलियन : हे बघा, मी... मी गाडी काढतो ना. मला काय, कुठेही लावीन.

ऑलिव्ह : छे छे, भलतंच!

जूलियन : अहो, काढतो म्हणतोय मी!

ऑलिव्ह : आणि बर्नार्ड? तो आईच्या कडेवर बाहेर येणार, बघणार तर बाप नाही नि गाडी नाही. उद्या लोक म्हणतील, बापानं तीन महिन्यांचं पोर वाऱ्यावर सोडलं. मी नाही हो तुझ्याबद्दल असं कोणाला म्हणू देणार. चेहऱ्यावरून कळतं, तू जीव लावणारा माणूस आहेस.

जूलियन : बाई, ऐका. बर्नार्ड... बर्नार्डचं असं आहे की...

ऑलिव्ह : फोन बघितलास का?

जूलियन : काय?

ऑलिव्ह : फोन. नवऱ्यांना बायकोचा निरोप कधी दिसत नाही. माझ्या ह्यांना शेवटपर्यंत दिसला नाही. बघ, काहीतरी आलं असेल तिचं.

जूलियन : फोनवर तर काही...

ऑलिव्ह : नीट बघ, राजा. सावकाश.

जूलियन : ... हो. आलाय की. हा काय. ते दोघं परत गेले म्हणे. बसने.

ऑलिव्ह : बघ! मी म्हटलं नव्हतं? पलीकडच्या दारानं गेली असेल. शहाणी बाई. आता तुला बिनघोर निघता येईल. मागे घेताना जपून हं, मी हात करते. ये, ये, ये... टॅमसिन! चल गं, ह्यांचं काम झालं!

(लाल गाडी वाहनतळाच्या पार टोकाला गेली, जिथे सीगल पक्ष्यांखेरीज कोणी गाडीच्या जवळ येत नाही आणि ते येतात तेही चांगल्या हेतूनं नाही. करडी गाडी तिच्या जागी आली. दार पुरतं, अगदी बिजागरी थकेपर्यंत उघडलं. सीट निघाली, मेबल जागी झाली. आणि तेवढ्यात तिकडून जूलियन भिजत आला. त्याच्यापुढे एक ट्रॉली होती, तान्ह्या बाळाची सीट ठेवायची सोय असलेली.)

जूलियन : ही... ही लागेल ना तुम्हाला? तिकडे एकच उरली होती. उजवं चाक जरा ओढतं. डावीकडे धरा, म्हणजे सरळ जाते.

टॅमसिन : थँक्यू. अहो, पण तुमचं बाळ तर घरी गेलं ना? मग तुम्ही कशाला एवढ्या लांबून...

जूलियन : लिंबं राहिलीत.

टॅमसिन : ऑलिव्ह, तुम्ही येता का आत? फक्त त्या दुधाच्या डब्यांच्या फळीपर्यंत.

ऑलिव्ह : मी कशाला? माझे बूट ओले आहेत, आतली फरशी घसरते. तू जा. आम्ही आहोत इथे.

टॅमसिन : ती रडायला लागली तर?

ऑलिव्ह : रडेल की. इथली निम्मी माणसं किमती बघून रडतात. जा.

टॅमसिन : जाते. जाते हं. चल मेबल.

जूलियन : ... तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.

ऑलिव्ह : काय?

जूलियन : बर्नार्ड नाहीये ते.

ऑलिव्ह : नाहीये? अरेरे. मला लळा लागायला लागला होता.

जूलियन : बर्नार्ड आमचे साहेब आहेत. तोंडात पहिलं नाव तेच आलं. साठीला टेकलेत, टक्कल आहे, पोटही सुटलंय.

ऑलिव्ह : म्हणजे मी बाळसं म्हटलं ते अगदीच चुकलं नाही.

जूलियन : मी स्वयंपाकघरं विकतो. ओटे, कपाटं, नळ. ज्यांचं जुनं स्वयंपाकघर धडधाकट आहे त्यांना नवं विकतो, इतकं मला बोलता येतं. तरी सांगतो, असं कोणी मला आजवर घेरलं नव्हतं. तुम्ही शिव्या दिल्या असत्या ना, तर मी दोन परत दिल्या असत्या आणि शीळ घालत लिंबं आणायला गेलो असतो. मला वाटलंच होतं कोणी तरी येईल भांडायला. तयारीच होती माझी. पण तुम्ही माझं सगळं खरं मानत गेलात. खोट्याची तयारी असते हो माणसाची, विश्वासाची नसते. आणि शेवटी मला सुटायचं दारही तुम्हीच दाखवलंत. फोनचं. तुमच्या जागी मी असतो तर ते दार बंद करून मजा बघत बसलो असतो.

ऑलिव्ह : त्यात काय मजा? तू तिथेच अडकून पडला असतास, आणि जागाही अडकली असती. मला जागा हवी होती. तू भिजून ट्रॉली घेऊन येशील हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. ते तुझं तू केलंस.

जूलियन : तुमची बस?

ऑलिव्ह : ती गेली की. तुझी बायको बुजरी झाली ना, तेव्हाच गेली.

जूलियन : अहो, मग बोलायचं ना! मी सोडतो तुम्हाला. कुठे राहता?

ऑलिव्ह : बघू. आधी ती मुलगी दिसते का सांग. त्या काचेतून मला नुसते रंग दिसतात.

जूलियन : दिसतेय. दुधाच्या डब्यांच्या फळीपाशी आहे. डबा घेतला. मेबल रडतेय, हातपाय झाडतेय चांगली. लोक वळून बघताहेत. तिनं... तिनं डबा परत ठेवला.

ऑलिव्ह : ठेवला?

जूलियन : ठेवला. नुसती उभी आहे. हात तोंडावर नेला. मी जाऊ का आत? डबा मी घेतो, पैसेही मी देतो, एका मिनिटाचं काम.

ऑलिव्ह : नाही जायचं.

जूलियन : अहो, ती रडतेय बहुतेक!

ऑलिव्ह : रडू दे. तू आत गेलास की ते "जमेल का तुला" विचारल्यासारखंच झालं. डबा काय, नणंदही आणून देत होती. उभा राहा माझ्याजवळ. काय करतेय आता?

जूलियन : मेबलला उचलून खांद्यावर घेतलं. एका हातानं. थोपटतेय. ... तो दुसरा, मोठा डबा घेतला. ट्रॉली पोटानं ढकलतेय. नाही, कोपरानं. डावीकडे धरलीय बरोबर. पैसे द्यायच्या रांगेत गेली. कोणी तरी तिला पुढे जा म्हणतंय, ती नको म्हणतेय. रांगेतच उभी राहिली, शहाणी!

ऑलिव्ह : हळू बोल. ओरडतोस काय?

जूलियन : ओरडलो नाही. आली! दारातून बाहेर आली. इकडेच येतेय.

ऑलिव्ह : बघू नकोस तिच्याकडे. दोघं डोळे लावून बसलो होतो असं वाटेल तिला.

जूलियन : तुम्ही बघताय.

ऑलिव्ह : मी बस येते का बघतेय. बोल काहीतरी. हवेबद्दल बोल.

जूलियन : अं... उद्या ऊन पडेल म्हणतात.

ऑलिव्ह : पडेल हो. न पडायला काय झालं?