अरबवरचा ठिपका

नाझिक : अर्धा मिलिमीटर. कडेला पिवळट, मधे किंचित उंचवटा. शाळेतलं भिंग आहे, ते कुणाची बाजू घेत नाही. हा ठिपका छपाईचा नाही, सहबान. माशी बसून गेली आहे.

सहबान : रफीका नाझिक, पक्षाच्या जाहीरनाम्याविषयी जपून बोल.

नाझिक : सख्ख्या बहिणीला सभेतल्यासारखं रफीका, कॉम्रेड म्हणायचं, तेही तिच्याच हातची कॉफी पिताना. बेचाळीस वर्षं ही प्रत काचेआड टांगून ठेवलीस, पुरावा म्हणून. आज पुसायला काढली तेव्हा नीट पाहिली.

सहबान : पुसायला सांगितलं होतं कुणी? नूतनीकरणाच्या अर्जावर सही कर. दोनला सरकारी खिडकी बंद होते. माझी सही झाली, वसीमनं कॅनडाहून पाठवली. तिसरी नसेल तर पक्ष रद्द.

नाझिक : महासागरापासून आखातापर्यंत अरबांचं एक राष्ट्र करणार होतो आपण. सैदा शहरात तिसरं डोकं मिळेना.

सहबान : फूट पडली नसती तर मिळालं असतं.

नाझिक : कशानं पडली फूट? आपल्या अरबी लिपीत 'अरब'च्या पहिल्या अक्षरावर ठिपका पडला की वाचायचं 'गर्ब', म्हणजे पश्चिम. अरब ऐक्याचं झालं पाश्चात्त्य ऐक्य. छपाई अदीबकडे, म्हणून अदीब परक्यांचा हस्तक. सत्तर सभासदांतले चाळीस त्याच्यामागे गेले. उरलेले 'हस्तक' कुणाला म्हणायचं यावर भांडले आणि त्यांनी आणखी दोन पक्ष काढले.

सहबान : तत्त्वाचा प्रश्न होता.

नाझिक : मग तत्त्वाचंच विचारते. पाचशे प्रती छापल्या होत्या. बाकीच्या चारशे नव्याण्णवांवर होता ठिपका?

सहबान : कॉफी गार झाली.

नाझिक : होता का?

सहबान : नव्हता.

नाझिक : कधी कळलं?

सहबान : तिसऱ्या दिवशी. पण हकालपट्टीचा ठराव वर्तमानपत्रात आला होता. मागे घेतला असता तर लोक म्हणाले असते, पक्षानं माशीपुढे नाक घासलं.

(नाझिक भिंग मिटून डबीत ठेवते.)

नाझिक : अदीबची अंगठी होती माझ्या बोटात. काढून टाकलेल्यांशी पत्रव्यवहार करायचा नाही, हा नियम तूच मला वाचून दाखवलास. कुवेतहून नऊ पत्रं आली. नऊच्या नऊ न उघडता परत केली मी. तुझ्या सगळ्या पक्षात शिस्त पाळली गेली ती एवढीच.

सहबान : वीस वर्षांची होतीस. वाटलं, विसरशील.

नाझिक : प्रत्येक नूतनीकरणाला वाटायचं, यंदा सांगून टाकावं, पुरे झाला मला हा पक्ष. मग तू पेन पुढे करायचास.

सहबान : एक वाजून गेला, नाझिक.

नाझिक : मी सही करणार नाही. मी पक्ष सोडला, सहबान.