होडीखालचा ठोका

ऐका. जरा जवळ सरा. आणि तो कंदील बारीक करा... नको, राहू द्या. उजेड असलेला बरा.

आपला अनाजी चोगले मिस्त्री. इंजिनाचा माणूस. नुसत्या आवाजावरून सांगायचा, डिझेलात पाणी गेलंय की नळीनं हवा धरलीय. त्या रात्री पलीकडच्या वाडीत बहिणीकडे जेवला आणि निघाला. काळोख पडलेला, ओहोटी लागलेली. बहीण म्हणाली, "दादा, समुद्रातून टोकाला वळसा घालून जा हो. रात्रीचं कालव्यातून नको." हा म्हणतो, "वळशाला तास जातो. माझी होडी, माझं इंजिन. कोण धरतंय मला?"

धरलं की हो!

कालव्यात शिरला. दोन्हीकडं तिवरांची दाट झाडी, मधे एका होडीपुरतं पाणी. गाळाला लागू नये म्हणून त्यानं इंजिन स्लोवर घेतलं. आणि ते अडखळायलाच लागलं. धक्... धक्-धक्... धक्. अनाजी चिडला. स्वतःच्या हातानं बांधलेलं इंजिन ते! त्यानं स्क्रू अर्धा आटा फिरवून रेस वाढवली. सुरळीत झालं. थोडं पुढं गेला की परत धक्... धक्-धक्. नळीचे नट आवळले. तर आणखीच वाढलं.

मग त्यानं इंजिनावर तळवा ठेवला. आणि ऐका, हात तिथंच थिजला. तळव्याखाली इंजिन बिनचूक चाललेलं. एकसारखं. मधला तो जादा ठोका इंजिनाचा नव्हताच! तो खालून येत होता. फळीखालून. पाण्यातून!

त्यानं इंजिन बंद केलं. करायला नको होतं. पण मिस्त्री तो, खात्री केल्याबिगर राहतोय?

इंजिन गप्प. आणि धक्... धक्... धक्.

ठोका सरकायला लागला. मागून पुढं. अनाजीच्या टाचांखाली आला आणि थांबला. आणि फळीखालून माणूस बोलला हो! "मिस्त्री, तुमचं झालं असेल तर आता माझं बघा."

माझं बघा! अनाजीनं इंजिन चालू करायला हँडल घातलं, फिरवायला गेला. फिरेना. जोर लावला, तर हँडल उलटं फिरलं! होडी एका अंगाला कलली. काठावर चार बोटं आली. काळी, तेलकट, नखांत चिखल. मग दुसरा हात. "बघा ना मिस्त्री. कधीचा थांबलोय."

हाताला लागली हत्यारांची पेटी. बापाच्या वेळची. ती उचलली आणि पाण्यात भिरकावली. "घे! तूच कर!"

बोटं सुटली. ठोका पेटीमागं खाली खाली गेला. अनाजीनं वल्हं धरलं, ते आपल्या बंदराला लागल्यावरच सोडलं. तळहाताची सालटी निघालेली. नऊ दिवस तापानं फणफणला.

कोण होता, म्हणता? हिराजी तांडेल. त्या रात्रीच्या बारा वर्षं आधी वादळात हिराजीची होडी त्याच कालव्यात बंद पडली. "मिस्त्रीला पाठवा!" म्हणून ओरडत होता. इथं बंदरावर ऐकू येत होतं. अनाजीनं ऐकलं. मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. पाण्याचा तो अवतार बघून एकानं पाऊल उचललं नाही. मग आवाज बंद झाला. सकाळी होडी उलटी सापडली. तो सापडलाच नाही.

तेव्हा बाबांनो, टोकाला वळसा घाला. डिझेल जळू दे, तास जाऊ दे. त्या कालव्याचं नाव काढू नका. आणि चुकून शिरलातच, तर इंजिन कितीही अडखळू दे... बंद करू नका!