वारंगा फाट्यावर सुचलेलं भाषण

तुमाला वाटते मला काही सुचत न्हाई. सुचते, पण गाडीवर सुचते.

परवा आमच्या डोंगरकडा गावच्या गुरुजींचा निरोप समारंभ होता अन् मला दोन शब्द बोलायचे होते. मागच्या एका कार्यक्रमात मी माईकसमोर नमस्कार केला अन् तिथंच संपलो होतो, म्हणून धाकधूक होती. पण वारंगा फाट्याजवळ आलो अन् अख्खं भाषण डोक्यात उभं राहिलं. गाडी बाजूला घेतली. आता माझ्या मोबाईलची काच खालून फुटलेली. फोन लागते, पण टाईप होत न्हाई. आवाज रेकॉर्ड करावा तर मेमरी फुल. सासुरवाडीच्या गुड मॉर्निंगनं सगळी जागा खाल्लेली.

मंग बायकोला फोन लावला. म्हटलं, "वही घे अन् मी सांगतो ते लिव."

"सांगा," ती म्हणाली.

ट्रकच्या गोंगाटात, हातवारे करत, मी दहा मिनिटं बोललो. पंक्चरवाला काम सोडून माझ्याकडं बघत बसला. मधी एकदा विचारलं, "ऐकून राहिली ना?"

"व्हय, बोला."

घरी आलो, इस्त्रीचा शर्ट घातला अन् वही मागितली. पान कोरं.

"अगं, लिवलं काहून न्हाई?"

"पेन हातात धरूनच बसले होते," ती म्हणाली. "लिवण्यासारखं कधी येते म्हणून वाट पाहून राहिले, तर तुमी फोनच ठेवला."