डावीकडची खुर्ची

न्हाई न्हाई, तो रुमाल माझा हाय, पाव्हणं. तुमी उचलून हातात धरलाय त्यो. राग न्हाई ओ, राग कशाचा, खुर्ची रिकामी दिसली, बसलात — माणूस बसणारच की. पण ती धरलेली हाय. तुमी असं करा, माझ्या या अंगाला या, उजवीकडं. ही बी रिकामीच हाय. हितनं तबलजी सरळ दिसतो, वर पंखा हाय, तिथं दारातनं नुसतं गार येतंय पायावर. काय? तिथंच बरं हाय म्हणता? आवं, आमचा भाऊ येणार हाय, थोरला. त्याला चालायची अडचण हाय — उजवी बाजू गेलीया, काठी लागती — मग कडंची खुर्ची नको का त्याला? हां, आता कसं. या. सांभाळून, पिशवीवर पाय नका देऊ, डबा हाय. रिकामाच हाय तसा. दिवस मावळायच्या आत जेवतो आमी, जैन की ओ, हितंच बाहेर पायरीवर बसून खाल्लं. त्याला घरातनं जेवूनच आणणार.

तुमी सांगलीचंच न्हवं? मग बगितलं असणार आमाला कुठं तरी. मी बाळगोंडा. हळदीची अडत हाय यार्डात, भाऊसोची आन माझी. भाऊसो म्हंजे ह्योच, थोरला. आमी दोघं गाण्याला जातोय ते मिसरूड फुटल्यापासनं. पैली सायकल, मग स्कूटर, मग मारुती — मिरज, कराड, कोल्हापूर, सातारा, गाणं म्हटलं की आमी हाय. कुणी पत्त्याला बसतंय, कुणी आणि कशाला जातंय, आमाला ह्यो एकच नाद. आन ऐकताना तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई. वाहवा न्हाई, क्या बात न्हाई. का? तर भाऊसो म्हणायचा, सकाळपासनं सौद्यात बोंबलून घसा बसलेला, आन परत हितं बी बोंबलायचं? हळदीची बोली हाय का ही? मग काय करायचो — हसू नका — हाफ बाह्यांचा शर्ट घालायचो. दोघं बी. थंडी असू दे न्हाई तर काय असू दे. शेजारी शेजारी बसायचं आन हाताला हात लावून ठेवायचा, असा, कोपरापासनं मनगटापर्यंत. गाण्यात चांगली जागा आली की अंगावर काटा येतो का न्हाई? त्याचा मला लागायचा, माझा त्याला. केसं उभी राहिलेली कळत्यात ओ. भाऊसो म्हणायचा, ‘आला?’ मी म्हणायचो, ‘आला.’ बास. एवढीच आमची दाद. वहिनी बोलायच्या, स्वेटर घाला, म्हातारपणी ही काय थेरं लावल्यात! घालतंय कोण.

साताऱ्याला गेलतो. दोन वर्षं झाली, थंडीचं दिवस. उंब्रजला हायवेच्या कडंला गाडी लावून डबा खाल्ला. भाऊसोनं माझ्यातली चटणी बी खाल्ली, चांगला हुता, धडधाकट. गाणारा बी तयारीचा. पूरिया धनाश्री लावलेला. विलंबित झाली, द्रुत धरली, आन भाऊसोचा हात माझ्या हातावर आला. म्हंजे नुसता टेकला न्हाई, पडला — सगळं वजन. मला वाटलं, काय जागा धरली गड्यानं! म्हटलं, ‘आला?’ बोलला न्हाई. म्हटलं, रंगलाय. असं कवा कवा हुयाचं, लय रंगला की बोलायचा न्हाई. मग मी बी हात काढला न्हाई. माझ्या हातावर असा काटा आलता पाव्हणं, जन्मात तसा आला न्हवता, आन वर तो जड हात, आन मी डोळं मिटून बसलेलो. द्रुत सरली, तराणा झाला, टाळ्या वाजल्या, तवा डोळं उघडलं. सगळी टाळ्या वाजवत्यात, ह्यो का वाजवंना? तर तोंड वाकडं झालेलं. अंगावरनं वारं गेलं म्हणत्यात न्हवं, ते. — न्हाई, डाक्टर काय म्हणाला ते राहू द्या. लवकर आणायचं हुतं म्हणाला. डाक्टरला काय जातंय म्हणायला. ते बगा, तबला ठोकाय लागलं, सुरात आणायला.

तवापासनं न्हाई. काय न्हाई म्हंजे — ह्यो हात बगा. दोन वर्षं झाली, ह्याच्यावर काटा न्हाई. एवढं गाणं ऐकलं, एवढी नावाजलेली माणसं येऊन गेली, ह्यो आपला असाच, हळद लागलेला. वाईट वाटतंय असं बी न्हाई, तुमी तसं तोंड करू नका. वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. दाताच्या डाक्टरनं सुई मारली की गाल कसा आपला वाटत न्हाई, तसं हाय. ऐकू सगळं येतंय. सूर कळतोय, सम कळती, एखादा बेसूर झाला तर ते बी कळतंय. आत काय जात न्हाई. पोरीचं लगीन झालं गेल्या साली, समीक्षाचं. पाठवणीला मांडव सगळा रडतोय, ओळख ना पाळख अशी म्हातारी बी रडती, आन मी वाढप्याला सांगतोय, भात झाकून ठेव, माशा बसत्यात. बायको म्हणाली, दगूड हाय नुसता. म्हटलं, असंल.

मग येतोस कशाला बाबा? असंच म्हणाला न्हवं मनातनं? भाऊसो पाठवतो. त्याला बोलता येत न्हाई आता, चार-दोन शब्द राह्यल्यात. ‘नको’ येतं. ‘भरत’ येतं — भरतेश, त्याचा पोरगा. आन ‘आला’ येतं. कसं कुणाला ठावं, बायकोचं नाव गेलं आन ‘आला’ राह्यलं. मी गाण्यासनं घरी जाईस्तवर पलंगावर जागा असतो. म्हणतो, ‘आला?’ मी म्हणतो, ‘आला.’ मग हसतो, अर्ध्या तोंडानं, आन गप झोपतो. वहिनी म्हणत्यात, भावजी, तुमी गाण्याला गेलात की ह्यांना झोप लागती. मग काय करू? न्हाई आला म्हणून सांगू? त्याच्या वाटचं बी मीच ऐकून येतोय, आन जाऊन सांगू, भाऊसो, तुझा हात गेला तवाच माझं बी गेलं? माझ्यापायी गेलं म्हणंल. हात गेला, बोलणं गेलं, दुकान सुटलं, सगळं सोसलं त्यानं. हे न्हाई सोसायचा. म्हणून म्हणतो, आला. त्यात काय, जीभच हलवायची.

गेल्या महिन्यात तर कहर केला मी. मिरजेला एका बाईंचं गाणं हुतं. घरातनं निघालो, हाफ शर्ट घातला, सगळं केलं, आन आत गेलोच न्हाई. ष्टेशनावर जाऊन बाकड्यावर बसलो. म्हटलं, तिथं बसलं काय आन हितं बसलं काय. गाड्या बगितल्या. येळ झाली तसा उठलो, घरी गेलो. ‘आला?’ ‘आला.’ वर न इचारता सांगितलं, बाईंनी मारवा काय गायला म्हणून! आन दुसऱ्या दिवशी यार्डात कळतंय, बाईंचा घसा धरला म्हणून कार्यक्रमच झाला न्हाई. पेपरात बी आलतं म्हणं. — भाऊसोला? छ्या. पेपर भरतेश वाचून दाखवतो खरं, रोज सकाळी. पण त्यो भाव वाचतो, हळदीचं, गुळाचं, कोण वारलं ते वाचतो. नेमकं तेवढंच कशाला वाचंल? न्हाई. कळलं असतं तर तोंडावर दिसलं असतं. तोंड अर्धंच हलतंय, ती गोष्ट येगळी. त्यानंतर मातूर एक झालं. ह्या कार्यक्रमाची जाहिरात आली, आन भाऊसोनं तिच्यावर बोट ठेवलं आन म्हणतो, ‘मी’. दोन वर्षं असला शब्दच न्हवता त्याच्याकडं. म्हटलं, तुला पायऱ्या चढायच्या न्हाईत, मी येऊन सांगतो की. तर ‘नको’. ‘मी, मी.’ वहिनी रडल्या. आनंदानं ओ. माणूस उंबऱ्याभाईर पडतोय म्हटल्यावर रडणारच की.

म्हणून ही खुर्ची. पंख्याचं नुसतं निमित्त, आन कडंचं बी तसं निमित्तच. तुमी जागा दिलीसा, तुमाला खरं सांगतो. भाऊसोचा उजवा हात गेलाय. तो माझ्या डावीकडं बसला म्हंजे तो गेलेला हात माझ्या हाताला लागणार. त्याला त्या हातानं काय कळत न्हाई, मागं तव्याला लागला तर वास आल्यावर वहिनींनी बगितलं. मग माझ्या हातावर काटा आला काय आन न आला काय, त्याला कसं कळणार? मी म्हणणार ‘आला’, झालं, घरी जायचं. तो उजवीकडं, हितं तुमच्या जागी बसला असता म्हंजे त्याचा डावा हात आला असता माझ्याकडं, चांगला. त्याला कळायला काय येळ लागती? तुमी बसलाय ते बेस झालं. ती वाटच बंद झाली.

आन एक काम करा माझं. आता हसा, हरकत न्हाई. तुमी हाफ बाह्यांचं घातलंय, मघाच बगितलं मी. चांगली जागा आली, तुमच्या अंगावर काटा आला — येतो न्हवं तुमाला? येतो. यायलाच पायजे, तुमचं काय वय हाय! — तर मला कोपर मारायचं. हळूच. मग मी त्याला म्हणतो, ‘आला’. मला आता जागा कळत न्हाई, कुठं यायचा ते. डोक्याला कळती, पण डोकं मागनं येतंय, तंवर गाणारा फुडं गेलेला असतो. घरी सांगायचं सोपं, हितं शेजारी बसून कुठं बी आला म्हटलं तर भाऊसो धरंल. कान शाबूत हाईत त्याचं. तेवढं करा. मोबाईल वर धरून शूटिंग नका करू मग, हात अवघडला की कसला काटा. मारणार न्हवं? आत्ता मारून दाखवा बघू. मारा, मारा. — हां. जरा जोरात. लागंना मला.

दिवं कमी कराय लागलं. आला न्हाई अजून. रिक्षा मिळाली नसंल, न्हाई तर पायऱ्यांवरच — तो बगा. दारात. पांढरा शर्ट. हाफच घातलाय ओ! भरतेश, ए भरतेश, इकडं! हळू आण. भाऊसो, ये, ये, ही तुझी, कडंची. रुमाल हाय बघ वर. बस. — बस की. काय झालं? काठी कशाला फुडं टाकतोस? भरतेश, बसव की रं त्याला. ‘नको’ काय, नको काय? मुद्दाम धरलीया तुझ्यासाठनं. अरं माझ्या गुडघ्यावरनं कुठं निघालास, पडशील! तिकडं पाव्हणं बसल्यात, भाऊसो. त्यास्नी उठवू नको, बरं दिसत न्हाई. ही रिकामी हाय की तुझ्या — उठू नका ओ तुमी. बसा. त्याचं काय ऐकू नका, त्याला कळत न्हाई, तो आपला — उठलात व्हय. बरं. उठलात तर उठलात.

बस. हां. टेक मागं. बरं वाटतंय न्हवं? गर्दी लय हाय आज. बाई धारवाडकडची हाय म्हणं, तयारीची — हात कशाला? अजून सुरू बी न्हाई झालं रं, तंबोरं लागत्यात नुसतं. काय चाचपतोस? भाऊसो. गार हाय, पंख्याखाली बसलोय म्हणून — सोड की.

न्हाई आला रं. लय दिवस झालं, न्हाई आला.

पाव्हणं, तुमी या अंगाला या. तुमचीच हाय, मघाची. तो रुमाल टाका खाली. आन ते कोपराचं — राहू द्या. न्हाई, आला तरी नको. हात धरलाय त्यानं माझा, काढंना. बसा गप. सुरू झालं.