सीट दोन बोटं खाली

...आन् हात दुखत होता, हे खोटं नाय! तुम्हाला सांगतो, पडेगावातून सायकलवर टांग टाकली की छावणीपर्यंत बोटांना मुंग्या, कचेरीत पोचेस्तोवर दोन्ही मनगटं अशी ठणकायची की कलम धरवंना. आता निजामाच्या कचेरीत आपलं काम काय, तर दिवसभर उर्दूतल्या अर्जांच्या नकला उतरवायच्या. मग लिहूनच दुखतंय, दुसरं काय असणार? शेजारी बसणारे पुंजारामकाका, पन्नाशी उलटलेला देवमाणूस, म्हणाले, "आण इकडं, निम्म्या मी लिहितो." तीन महिने लिहिल्या हो! घरी कारभारीण तेल चोळून बेजार, ती वेगळीच.

मग ब्रेक ढिला झाला म्हणून नूरमोहम्मद मिस्त्रीकडं गेलो. त्यानं मला येताना बघितलं आन् चार गिऱ्हाइकांदेखत म्हणतो, "मुन्शीजी, तुम सीट पे कहां बैठरे? हातां पे बैठरे!"

आता लाज वाटते सांगायला... मी जरा बुटका. छावणीतून जाताना लोकांनी वळून बघावं म्हणून सीट पार टोकाला चढवलेली, वर तिचं नाक खाली वाकलेलं, मग माणूस घसरत घसरत सगळा भार तळहातांवर टाकणार नाय तर काय? मिस्त्रीनं पाना लावला, सीट दोन बोटं खाली, नाक सपाट, हँडल जरा वर... आठ दिवसांत मनगटं मोकळी!

मग काकांना सांगितलं? नाय सांगितलं. काय सांगू, ऐटीपायी दुखत होतं म्हणून? आज सांगू, उद्या सांगू, महिना गेला, काका लिहितायत आन् मी मनगट धरून कण्हतोय. लिहिता हात उजवा, एकदा चुकून डावंच मनगट धरलं! पण आधी दुखत होतं, हे खोटं नाय...

एक दिवस काकांच्या हातातून कलम गळालं. बोटं सुजलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांच्या सगळ्या नकला ओढून घेतल्या, त्यांच्या आन् माझ्या लिहीत बसलो, आन् काल मनगट ठणकलं. खरंखुरं, लिहून! म्हटलं, "काका, हात दुखतोय, हे खोटं नाय."

काका म्हणाले, "दुखंलच की. सीट परत चढवली का?"

त्या चार गिऱ्हाइकांत एक त्यांचा जावई होता! म्हटलं, काका, सीट उतरवली त्या दिवसापासून ठाऊक होतं, मग लिहीत कशाला राहिलात?

"म्हटलं, सांगशील कधीतरी."

मान खाली घातली, पुढची नक्कल ओढली... आता दुखतोय हात, लई दुखतोय, पण सांगू कुणाला?