आसमाची खुर्ची

जव्हारच्या एसटी स्टँडवर मंजुषा मोखाड्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर बसलेल्या आसमाला परत न्यायला छापखान्याचे मालक कमलेशभाऊ आले होते.

"चल आसमा, लग्नपत्रिका अडल्यात."

"तुमच्या भाच्याला सांगा ना."

"त्याला मराठी टायपिंग कुठं येतं?"

"मग ठाण्याला डिझाईन शिकायला त्यालाच का पाठवलंत?"

"पोरींना ते झेपत नाही."

"आजवर पत्रिका कुणी सजवल्या?"

"चिडू नकोस. तुझी खुर्ची कायम आहे."

"त्या खुर्चीवर भाच्यालाच बसवा. मी नाशिकला डिझाईनच्या क्लासला चाललेय."

"शिकून इथंच येशील ना?"

"येईन की. तुमच्या समोरच दुकान टाकीन!"

नाशिकची गाडी लागली. आसमा चढली, तशी मंजुषा धावत खिडकीपाशी गेली.

"ताई, तो क्लास नाशकात कुठं आहे?"